नोटाचं बटण: बारा वर्षं वापरून झाल्यावर

नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात मी चोवीस वर्षं क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला, आहे. शिफ्ट सुरू झाली की मशीनवरचा पहिला पीस माझ्याकडे येतो. तो कापडाने पुसायचा, बोअरच्या, म्हणजे भोकाच्या, कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहिलेली नाही ना ते बोट फिरवून बघायचं आणि भोकाचं माप तपासायचा प्लग गेज घालायचा. गेजला दोन टोकं असतात. 'गो'चं टोक अलगद सरकत आत गेलं पाहिजे, 'नो गो'चं तोंडाशीच अडलं पाहिजे. 'नो गो' आत गेलं की पीस लाल बिनमध्ये आणि त्याला माझ्या सहीचा टॅग. मग सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, कितीही तणतणला, डिस्पॅचवाले डोक्याशी येऊन उभे राहिले, तरी लाल बिनमधला पीस असेंब्लीला, म्हणजे पुढच्या जोडणीला, जात नाही.

हाच अर्थ मनात धरून २४ एप्रिल २०१४ला, लोकसभेच्या मतदानाला, मी नोटाचं, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'चं, बटण पहिल्यांदा दाबलं. त्यानंतर आजवर लोकसभा, विधानसभा आणि नाशिक महापालिका मिळून आठ निवडणुकांत मतदान झालं. आमचा प्रभाग चार सदस्यांचा, म्हणजे महापालिकेला दर वेळी चार मतं. एकूण चौदा मतं दिली, त्यातली चार नोटाला. बाकीची दहा कुणाला दिली ते सांगणार नाही. पण जी कुणालाच दिली नाहीत त्यांच्याबद्दल बोलायला काय हरकत? एवढा वापर झाल्यावर हे बटण कसं आहे, कुठे कामाला येतं, कुठे दगा देतं हे लिहून ठेवावं असं वाटलं. आमच्या चहाच्या सुट्टीत यावर दर निवडणुकीला भांडण होतं आणि सुट्टी दहाच मिनिटांची असते.

आधी हे बटण नव्हतं तेव्हा काय होतं ते सांगतो, नाहीतर त्याची किंमत कळणार नाही.

आमचं गाव निफाड तालुक्यात. वडील कांदा करायचे. कागदी मतपत्रिका आणि शिक्का होता तेव्हा त्यांनी दोन निवडणुकांत मुद्दाम दोन उमेदवारांवर शिक्के मारून मत बाद केलं होतं. घरी येऊन आईला सांगितलं, मी जेवत होतो, ऐकलं. मला ते फार विचित्र वाटलं. रांगेत दीड तास उभं राहायचं आणि मत बाद करून यायचं! वडील म्हणाले, "गेलो नसतो तर माझ्या नावावर दुसरंच कोणी शिक्का मारून गेलं असतं. मी गेलो, माझा कागद माझ्या हाताने पेटीत टाकला." त्यांना कुणीच पसंत नव्हतं आणि ते सांगायची त्यांना सापडलेली वाट ती होती. मतमोजणीत बाद मतांचा ढीग वेगळा पडायचा. त्यात अंगठाबहाद्दराची चूक आणि माझ्या वडिलांचा नकार एकाच सुतळीत बांधले जायचे.

मग यंत्रं आली. २००४च्या लोकसभेला देशभर यंत्रावरच मतदान झालं. यंत्रावर एका वेळी एकच बटण लागतं, त्यामुळे मत बाद करायची सोयच उरली नाही. कायद्यात एक आडवाट होती, नियम ४९-ओ. नोंदवहीत सही झाल्यावर मतदाराने सांगायचं की मला मत द्यायचं नाही, मग अधिकारी शेरा लिहिणार आणि त्यावर पुन्हा मतदाराची सही घेणार.

२००९ला मी ते करून पाहिलं. केंद्र घराजवळच्या शाळेत होतं. शाई लावून झाली, सही झाली आणि मी हळू आवाजात म्हणालो, "मला ४९-ओ नोंदवायचंय." समोरच्या अधिकाऱ्याला नियम ठाऊक नव्हता. त्यांनी शेजारच्यांना मोठ्याने विचारलं, "यांना मत द्यायचं नाही म्हणतात, काय करायचं?" खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. भिंतीलगत पक्षांचे प्रतिनिधी याद्या घेऊन बसलेले होते, त्यातले दोघं आमच्याच कॉलनीतले. एकाने माझ्या नावासमोर पेन्सिलीने काहीतरी खूण केली. ती खूण मला अजून दिसते. दहा-बारा मिनिटं पुस्तिका चाळली गेली आणि शेवटी शेरा लिहिला गेला. संध्याकाळी त्यातले एक जण घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "भाऊ, आमच्यावर एवढा राग?" धमकी वगैरे काही नव्हती. पण माझं मत गुप्त राहिलं नाही हे त्या चहाबरोबर मला कळलं.

म्हणून २७ सप्टेंबर २०१३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून मी खरंच पेढे आणले होते. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेची याचिका २००४ पासून चालू होती. न्यायालयाने म्हटलं, मत देणाऱ्याला जशी गुप्तता आहे तशीच नाकारणाऱ्यालाही हवी, आणि यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' असा पर्याय ठेवा. न्यायालयाची आशा अशी होती की लोक नाकारू लागले की पक्षांना बरे उमेदवार देणं भाग पडेल. त्याच वर्षाअखेर दिल्ली, मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड आणि मिझोरामच्या विधानसभांना ते बटण पहिल्यांदा लागलं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये आमच्या नाशकात.

वापरायला हे बटण उत्तम आहे. यादीत सगळ्यात शेवटी असतं, शोधावं लागत नाही. २०१४ला नुसती अक्षरं होती. २०१५पासून त्याला चिन्हही मिळालं, मतपत्रिकेवर काळी फुली. ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने केलेलं आहे. आमच्या आईला अक्षर लागत नाही, पण फुली म्हणजे नको हे तिला बरोबर समजतं. निळं बटण दाबलं की शेजारी लाल दिवा लागतो, लांब बीप वाजते, संपलं. कुणी मान वळवत नाही. २०१९च्या लोकसभेला व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेत माझी फुली सात सेकंद दिसली. २००९ला बारा मिनिटं सगळ्यांच्या नजरेखाली उभं राहून जे करावं लागलं होतं ते इथे बीप वाजेपर्यंत झालं होतं. त्या सात सेकंदांत मला वडील आठवले. गुप्ततेच्या बाबतीत या बटणाला मी पैकीच्या पैकी देतो, आणि हे काही लहान काम नाही.

तक्रार पुढची आहे. नाकारलेला पीस जातो कुठे?

लोकसभा-विधानसभेला तो थेट असेंब्लीला जातो. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालोखाल असणारा उमेदवार निवडून येतो. हजार मतं नोटाला आणि एक मत उमेदवाराला, तरी उमेदवार आमदार. डिपॉझिट वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात, त्या हिशेबातही नोटाची मतं धरत नाहीत, म्हणजे नोटामुळे कुणाचं डिपॉझिटही जात नाही. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७,५०० मतं. दुसरा आलेला माणूस निदान पराभूत उमेदवार म्हणून पुढची पाच वर्षं मोर्चे काढतो, निवेदनं देतो, पुढच्या वेळी पुन्हा उभा राहतो. त्या साडेसत्तावीस हजार लोकांच्या वतीने दुसऱ्या दिवशी कोण बोललं? २०२४ला इंदूरमध्ये एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने माघार घेतली आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली. निवडून आलेल्याचं मताधिक्य अकरा लाखांच्या पुढे. देशभर धरलं तर २०१४ला सुमारे साठ लाख लोकांनी हे बटण दाबलं, साधारण एक टक्का, आणि पुढच्या दोन लोकसभांतही आकडा त्याच आसपास राहिला. म्हणजे लाल बिन भरतोय, दर पाच वर्षांनी भरतोय. पण त्यामुळे लाइन एकदाही थांबलेली नाही.

आमच्या कारखान्यात असं झालं असतं तर मी टॅगवर सही करणं सोडलं असतं.

इथे आमच्या अण्णांचं म्हणणं येतं. अण्णा सेटर आहेत, माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, हात सोन्याचा. त्यांचा सिद्धांत एका वाक्याचा आहे: "निवडून कोण आणायचं ते सोड, पाडायचं कुणाला ते ठरव." जो नको आहे त्याला पाडू शकेल अशा माणसाला मत टाकायचं, मग तो कसाही असो. नोटा म्हणजे मत वाया. अपक्षाला म्हणजे मत वाया. लहान पक्षाला म्हणजे मत फोडलं. अण्णा हे पोटतिडकीने बोलतात. त्यांच्या गावात एकदा दोन चांगली माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहिली, मतं फुटली आणि तिसराच, ज्याला गावात निम्मे लोकही मानत नव्हते, सरपंच झाला. ते अण्णांनी पाहिलंय. जास्त मतं त्याचा विजय, निम्म्याहून जास्त लागत नाहीत, हा आपला नियम. या नियमात अण्णांचं गणित चुकीचं नाही, हे मी त्यांच्या तोंडावर कबूल करतो.

आमच्या धंद्यात याला डेव्हिएशन म्हणतात. पीस ड्रॉइंगप्रमाणे नाही, पण काम भागेल, गिऱ्हाइकाची गाडी अडलीय, तर माल डेव्हिएशनवर सोडायचा. मी अशी कितीतरी डेव्हिएशनं सोडली आहेत आणि त्यात काही पाप नाही. पण डेव्हिएशनच्या कागदावर तीन गोष्टी असतात: कुणी मंजूर केलं, किती पीस आणि कुठल्या तारखेपर्यंत. हे तीन रकाने भरल्याशिवाय मी सही करत नाही. पाडण्यासाठी दिलेल्या मतावर तसला कुठलाच रकाना नसतो. मी एका माणसाला 'फक्त त्याला पाडण्यापुरता' मत देतो आणि तो त्याला 'भाऊंनी मला निवडला' म्हणून पाच वर्षं वापरतो.

२०१९च्या विधानसभेला मी अण्णांचं ऐकलं. चौदा मतांतलं हे एक मत असं आहे की ते परत मागायची सोय असती तर मी मागितलं असतं. त्या माणसाचं शपथपत्र मी वाचलं होतं. शपथपत्र हा उमेदवाराचा इन्स्पेक्शन रिपोर्ट असतो, गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं त्यात असतं, आणि मी ते प्रत्येक वेळी वाचतो. ते वाचून मला तो पटला नव्हता. तरी ज्याला थांबवायचं होतं त्याला थांबवायला दुसरा कोणी नव्हता म्हणून बटण दाबलं. त्यानंतर महाराष्ट्रात काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. निकालानंतर महिन्याभरात पहाटेचा शपथविधी, मग तीन पक्षांचं सरकार, जून २०२२ला एक पक्ष फुटला, जुलै २०२३ला दुसरा. ज्याला अडवायला आपण मत दिलं आणि ज्याच्या मदतीने अडवायचं होतं, ते दोघं एकाच मंत्रिमंडळात बसलेले राज्यातल्या लाखो मतदारांनी पाहिले. कुठल्या पक्षाचे मतदार जास्त फसले यावर वाद घालण्यात मला रस नाही, फसवणूक सगळ्या बाजूंच्या मतदारांच्या वाट्याला आली. मला दिसलं ते एवढंच, की डावपेचाचं मत एका गृहीतावर उभं असतं: पट मांडला तसाच राहील, सोंगट्या आपापल्या रंगात राहतील. महाराष्ट्रात हे गृहीत आता धरता येत नाही. मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, मापच हलतंय, सेटिंग कशावर करणार?" अण्णा गप्प बसले, आणि अण्णा गप्प बसणारे नाहीत.

तत्त्वाचं मत मात्र फुटत नाही. ज्याला पटून दिलं तो हरला तरी ते मत कुणाच्या सरकारात जाऊन बसत नाही. पुढच्या वेळी त्या माणसाला दिसतं की आपल्यामागे एवढे लोक होते. म्हणून पटणारा एक जरी उमेदवार यादीत असेल तर नोटा दाबू नका, त्यालाच द्या, तो शेवटून दुसरा येणार असला तरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता या बटणाची तुलना दुसऱ्या एका वस्तूशी करतो. ती आमच्याच घरात येते, पण माझ्या वाट्याला येत नाही. बायको माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे विधान परिषदेच्या नाशिक शिक्षक मतदारसंघात तिचं मत आहे. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव, नंदुरबार असा पाच जिल्ह्यांचा मतदारसंघ. २६ जून २०२४ला तिचं मतदान झालं. तिथे यंत्र नाही. कागदाची लांबलचक मतपत्रिका आणि केंद्रावर मिळणारा जांभळा स्केचपेन. स्वतःचं पेन चालत नाही, बरोबरची खूण चालत नाही, सही केली तर मत बाद. नावापुढे आकडा लिहायचा: पहिली पसंती १, मग २, मग ३, वाटेल तिथे थांबायचं. १ मात्र लिहिलाच पाहिजे.

ती घरी आली, बोटाच्या पेराला जांभळा डाग होता. मी विचारलं, "कसं केलंस?" ती म्हणाली, "अहो, एक नंबर मनातल्याला. निवडून येणार नाहीत ते. दोन नंबर जे चालतील त्यांना. आणि जे नकोच, त्यांना आकडाच नाही."

मी जेवण थांबवून तिच्याकडे बघत राहिलो. मी गेली कित्येक वर्षं चहाच्या सुट्टीत अण्णांशी ज्या गोष्टीवर भांडतोय ती हिने एका कागदावर तीन ओळींत सोडवली होती. तत्त्वाचं मत वाया गेलं नाही, डावपेचाचं मत खोटं ठरलं नाही आणि नकार न बोलता नोंदवला गेला. मोजणीत वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त असा कोटा लागतो. तो पहिल्या पसंतीत कुणाचाच भरला नाही तर सगळ्यात मागच्याला बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बघतात, मग पुढचा बाद, असं चालत राहतं. त्या वेळीही पहिल्या पसंतीत कोटा भरला नाही आणि बाद फेऱ्या चालल्या. वेळ लागतो, मान्य. पण हिचा 'एक नंबर' बाद झाल्यावर हिचं मत मेलं नाही, दुसऱ्याच्या ढिगात चालत गेलं.

तेव्हापासून मला वाटतं की 'तत्त्व की डावपेच' हा पेच माणसाच्या स्वभावात नाहीच, तो आमच्या यंत्रात आहे. यंत्र मला एकच खूण करू देतं. एकाच खुणेत मी पसंती सांगू, भीती सांगू की नकार सांगू? अण्णा भीती सांगतात, मी चारदा नकार सांगितला, माझ्या धाकट्या भावाने कायम पसंती सांगितली. आम्ही तिघं एकमेकांना मूर्ख म्हणतो, पण तिघांच्याही हातात जांभळा पेन दिला तर तिघांचे कागद बरेचसे सारखे निघतील याची मला खात्री आहे.

आता महापालिकेचं. इथे या बटणाला थोडे जास्त गुण देतो. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ला आदेश काढला: स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर कुणालाही विजयी घोषित करायचं नाही, त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला तर मात्र त्याच्या खालोखालचा निवडून येतो. म्हणजे लाइन एकदा थांबते. लाल बिनला पहिल्यांदाच थोडा अर्थ आला. ही गोष्ट फार कमी मतदारांना माहीत आहे. आमच्या कॉलनीत मी विचारत फिरलो तेव्हा एकालाही माहीत नव्हती.

नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ला संपली होती, तेव्हापासून प्रशासक. जवळपास चार वर्षं आपल्याला नगरसेवकच नव्हते. गटार तुंबलं तर कुणाला सांगायचं हे माणसं विसरून गेली. १५ जानेवारी २०२६ला मतदान लागलं तेव्हा सिंहस्थ तोंडावर, रस्ते खणलेले, तपोवनातल्या झाडांच्या तोडीवरून शहर ढवळून निघालेलं. मी ठरवलं होतं की या वेळी एकही मत घाईत द्यायचं नाही. चारही जागांच्या उमेदवारांची शपथपत्रं रात्री बसून वाचली, वहीत टिपून काढली.

अ जागेवर पटणारी बाई होती, पाण्याच्या लाइनीसाठी आमच्या गल्लीत दोन उन्हाळे फिरलेली. तिला आनंदाने दिलं. ब जागेवरही फार विचार करावा लागला नाही. क जागेवर मी डेव्हिएशन सोडलं. हो, २०१९चा अनुभव गाठीशी असूनही. पण या वेळी वहीत तीन रकाने आखले. कुणी मंजूर केलं: मी. किती पीस: एक मत, याच जागेपुरतं. कुठल्या तारखेपर्यंत: पहिल्या वर्षअखेर. आमच्या भागातल्या उद्यानाच्या जागेवर तो काय करतो ते बघायचं आणि नाही केलं तर सगळ्यांसमोर विचारायचं. तसं त्याला प्रचाराला दारात आला तेव्हा सांगितलंही. तो हसला, पण शेजारचे चार जण ऐकत होते. ड जागेवर एकही पीस गेजमध्ये बसेना, तिथे नोटा.

आईला मी बरोबर घेऊन गेलो होतो. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, ऐकायला कमी येतं. चार जागांच्या मतपत्रिका चार रंगांच्या: पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी. यंत्रं शेजारी शेजारी मांडलेली. चारही मतं पूर्ण झाल्याशिवाय शेवटची लांब बीप वाजत नाही. आईने तीन बटणं दाबली आणि ती वळली. बीप वाजली नाही. टेबलावरून आवाज आला, "आजी, एक राहिलं." आई म्हणाली, "दिलं ना बाबा." "चार द्यायची असतात." बाहेर रांग खोळंबलेली, मागून कोणीतरी हुश्श केलं. मला आत जाता येत नव्हतं. तेवढ्यात टेबलामागच्याने सांगून टाकलं, "काही समजत नसेल तर सगळ्यात खालचं दाबा, मोकळ्या व्हाल." आईने खालचं दाबलं. बीप वाजली. सगळ्यांना हायसं वाटलं.

मला वाटलं नाही. मी चोवीस वर्षं लाल बिनची नोंदवही ठेवतो. बिनमध्ये काय पडलं यापेक्षा ते का पडलं हा रकाना जास्त मोलाचा असतो. त्याच्यावरून मशीन सुधारतं. त्या दिवशी ड जागेच्या नोटाच्या ढिगात माझं मत आणि आईचं मत शेजारी शेजारी पडलं. माझं विचार करून नाकारलेलं, आईचं यंत्रातून सुटका करून घ्यायला दाबलेलं. वडिलांचा नकार जसा अंगठाबहाद्दराच्या चुकीबरोबर सुतळीत बांधला गेला होता, अगदी तसंच. इतक्या वर्षांनी, इतकं सगळं होऊन! आणि या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसल्यामुळे आईला आपण काय दाबलं ते काचेत बघायलाही मिळालं नाही.

स्कूटरवर बसताना आईने विचारलं, "चवथं माझं कुणाला गेलं रे?"

"कुणालाच नाही, आई."

"आसं कसं? मला त्या आपल्या मास्तरच्या पोराला द्यायचं होतं."

मास्तरांचा मुलगा ड जागेवर उभा होता. माझ्या गेजमध्ये तो बसला नव्हता, आईच्या बसला असता, आणि ते मत तिचं होतं.

बहुसदस्य प्रभागात नोटाचा आकडा वाचताना म्हणूनच जपून वाचा. त्यात किती राग आहे आणि किती 'मोकळ्या व्हा' आहे ते वेगळं करता येत नाही. यंत्रावर 'या जागेसाठी मत द्यायचं नाही' असा साधा वेगळा पर्याय असता तर नोटा स्वच्छ राहिला असता.

आणखी एक उणीव. निवडणूकच झाली नाही तर हे बटण मिळतच नाही. २०२४ला सुरतेत लोकसभेचा उमेदवार बिनविरोध निवडून आला, तिथल्या एकाही मतदाराला नोटा दाबता आला नाही. आपल्या जिल्ह्यात देवळा तालुक्यातल्या उमराण्यात सरपंचपदाची बोली लागल्याचं उघड झालं, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने २०२१च्या जानेवारीत ती निवडणूकच रद्द केली, ते फार चांगलं केलं. एकच अर्ज उरला तरी त्याच्यासमोर नोटा उभा राहिला पाहिजे. जिथे पैशाने किंवा दमाने सगळ्यांना बसवलं जातं तिथे नकाराची खरी गरज असते.

गुण द्यायचे तर लोकसभा-विधानसभेला पाचपैकी दोन, आणि ते दोन्ही गुप्ततेचे. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायतीला पाचपैकी साडेतीन. ज्यांना एकही उमेदवार खरोखर पटत नाही आणि ज्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली आहे त्यांनी हे बटण जरूर वापरावं. घरी बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. यादी न वाचता रागाने दाबायला ते नाही.

निकालानंतर मी एका खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्यावर स्केचपेनने चार यंत्रं काढली, चार रंगांत, प्रत्येकाच्या तळाशी काळी फुली. बटणांच्या जागी शर्टाची जुनी निळी बटणं चिकटवली. आई रोज दुपारी एकदा दाबून बघते आणि मोजते, एक, दोन, तीन, चार. शेजारच्या दोन आजीही येतात. त्यातल्या एकीने परवा विचारलं, फुली कधी दाबायची? आई म्हणाली, "चारही तोंडं बघून झाल्यावर."